गालिच्याखाली लाकडी फ्लोअरिंगचा रंग वेगळा दिसतोय? या चुका टाळा

गालिचा हलवला की खाली चौकोन दिसतो आणि संशय थेट पॉलिशवाल्यावर जातो. बहुतेक वेळा पॉलिश ठीक असतं. रंग बदललेला असतो तो गालिच्याबाहेरच्या लाकडाचा. उजेडाने लाकडातलं लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा घटक) आणि रंगद्रव्यं बदलतात. अमेरिकन चेरी गडद होतं, अक्रोड फिकट पडतं, ओक आणि मेपल पिवळसर होतात. ताजा रंधा मारलेल्या सागावरच्या हिरवट-काळपट रेघा उजेडात विरून सोनेरी तपकिरी रंग येतो. गालिच्याखाली मात्र त्या बऱ्याच काळ तशाच राहतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे फिकट चौकोनावर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारून रंग जुळवणं. आज जुळतो. पण स्टेनखालचं लाकूड आता उजेडात आलेलं असतं, ते गडद होतच राहतं, आणि काही महिन्यांनी त्याच जागी शेजारपेक्षा काळा चौकोन उमटतो. त्याऐवजी गालिचा गुंडाळून ठेवा आणि दिवसा पडदे उघडे ठेवा. कडा काही आठवड्यांत पुसट व्हायला लागतात, पूर्ण जुळायला काही महिने लागू शकतात.

कधी उलटंही होतं: गालिच्याखालचाच भाग जास्त पिवळा. जवसाच्या तेलाचं फिनिश आणि तेलावर आधारित पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) अंधारात अधिक पिवळं पडतं. त्यावरही पहिला उपाय उजेडच. हा पिवळेपणा बराचसा उतरतो.

पण पिवळ्या डागात गालिच्याखालच्या मॅटच्या जाळीची नक्षी दिसत असेल, तर थांबून उपयोग नाही. रबर किंवा पीव्हीसीच्या पाठीतली रसायनं फिनिशमध्ये मुरलेली असतात. थिनर, ब्लीच घासून फक्त चकाकी जाते, डाग राहतो. तिथे फिनिशचा थरच काढावा लागतो. गालिच्याखाली साधा फेल्टचा (दाबलेल्या तंतूंच्या कापडाचा) पॅड घाला. डाग काळा आणि पट्ट्यांच्या कडा वर आलेल्या असतील, तर ती ओल आहे. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

नव्या पॉलिशवर लगेच गालिचा टाकू नका. पाण्यावर आधारित पीयूला किमान २ आठवडे द्या, तेलावरच्याला सुमारे ४. हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून पक्कं झालं असं नाही.

खिडकीच्या काचेतून यूव्ही-ए (अतिनील) किरण आत येतातच. यूव्ही फिल्मने बदल मंदावतो, थांबत नाही, कारण साधा दृश्य प्रकाशही लाकूड बदलतो. पाण्यावरचं पीयू स्वतः पिवळं पडत नाही, पण खालच्या लाकडाला वाचवतही नाही.

सँडिंग, म्हणजे मशीनने लाकूड घासणं, शेवटी. रंगबदल १ मिमीच्याही आत असतो, त्यामुळे घासून निघतो. पण एकच चौकोन घासू नका, पूर्ण खोली करा. त्याआधी दारापाशची पट्टी काढून फळीची कड बघा: इंजिनिअर्ड फळीचा (थर चिकटवून बनवलेली, फक्त वर अस्सल लाकूड) वरचा लाकडी थर २ मिमीपेक्षा पातळ असेल तर मशीन लावू नका. लॅमिनेटला तर लावूच नका, तिथे वर लाकूड नसून छापील कागद असतो.