पेट-स्कॅनला येताना शुगरच्या गोळीची पट्टी सोबत आणा

पेट-सीटीची (कॅन्सर शोधायच्या पेट-स्कॅनची) अपॉइंटमेंट देताना मी आधी विचारते, "शुगरची कोणती गोळी चालू आहे?" बहुतेकांचं उत्तर, "ती पांढरी, लांबट." तेवढ्यावर भागत नाही. पट्टीवर बारीक अक्षरांत 'मेटफॉर्मिन' लिहिलंय का, ते बघा. औषधवाल्याने कापून दिलेल्या पट्टीवर नाव अर्धंच उरतं, म्हणून नवीन पट्टी आणली की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

यासाठी एवढा आग्रह का, ते सांगते. या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात आणि स्क्रीनवर उठून दिसतात. पण मेटफॉर्मिनमुळे आतडंही ती भरपूर ओढून घेतं, विशेषतः मोठं आतडं. मग पडद्यावर पोटाभोवती काळा जाड पट्टा उमटतो. त्याखाली छोटी गाठ असली तर ती झाकली जाऊ शकते, आणि काहीच नसताना संशयही येऊ शकतो. म्हणून पोटाचा, आतड्याचा प्रश्न असेल तर ही गोळी साधारण 48 तास आधी थांबवायला सांगतात.

मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका! कधी कधी एकाच गोळीत ग्लिमेपिराइड (शुगरचंच दुसरं औषध) आणि मेटफॉर्मिन दोन्ही असतात. ती बंद केली की दोन्ही बंद होतात, शुगर चढते. रक्तातली साखर 200च्या वर गेली की एफडीजी पेशींत नीट शिरत नाही, आणि तपासणी पुढे ढकलावी लागू शकते. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारा, "ते दोन दिवस मेटफॉर्मिनऐवजी काय घेऊ?"

इन्सुलिनवाल्यांनी तर वेळ ठरवतानाच सांगायला हवं. जलद काम करणारं इन्सुलिन घेऊन लगेच एफडीजी दिलं तर एफडीजी स्नायूंत आणि हृदयात जातं, बाकी चित्र फिकं पडतं. मध्ये किमान चार तास जाऊ द्यावे लागतात. त्यामुळे सकाळी लवकर नाश्ता आणि इन्सुलिन, आणि तपासणी दुपारी, असं जमवता येतं. टाइप-1 मधुमेह (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही) असेल तर इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करू नका. तपासणीआधी उपाशी राहायचंय म्हणून डोस चुकवणं जिवावर बेतू शकतं.

गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. सीटीसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) दिलं असेल आणि किडनी कमजोर असेल, तर मेटफॉर्मिन आणखी 48 तास थांबवून, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून मगच सुरू करतात.