घरचा लढाऊ रोबो: या चुका टाळा

रोबोंच्या लढतीत आपला रोबो हरला की सगळे बोट दाखवतात ते समोरच्याच्या पात्याकडे. पण हरलेला रोबो उघडून पाहा. निसटलेला प्लग, तुटलेला डाग (सोल्डरचा जोड), आटे खाऊन बसलेला स्क्रू, किंवा टेबलावर नीट चालत होता म्हणून कुणीच न तपासलेला रिसीव्हर (रिमोटच्या आज्ञा घेणारा भाग), असलंच काहीतरी त्यात निघतं. टेबलावर रोबो शांत उभा असतो, आखाड्यात तो आपटला जातो. घरच्या घरी बनवताना होणाऱ्या बहुतेक चुका या फरकातून येतात.

इथले आकडे दोन लहान गटांचे आहेत: १ पाउंड, म्हणजे ४५४ ग्रॅम, आणि ३ पाउंड, म्हणजे १.३६ किलो. ब्रिटिश नियमांत याच नावांचे गट अनुक्रमे १५० ग्रॅम आणि १.५ किलोचे आहेत, तेव्हा सुटे भाग घेण्याआधी आपल्या स्पर्धेचे नियम वाचा. पहिला रोबो याहून मोठा करू नका.

नाकापेक्षा मोती जड

नवखा माणूस आधी पातं ठरवतो आणि उरलेल्या वजनात बाकीचा रोबो कोंबतो. मोटर, शाफ्ट, बेअरिंग, पट्टा धरून वेपनला, म्हणजे पातं आणि ते फिरवणाऱ्या सगळ्या भागांना, एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के द्या, त्यापुढे जाऊ नका. वजनाचा तक्ता मांडताना स्क्रू, वायरी, प्लग आणि डाग यांसाठी ५ टक्के वेगळे ठेवा. ही सगळी मंडळी ४५४ ग्रॅमच्या रोबोत सहज २० ग्रॅम खातात आणि डिझाइनच्या चित्रात कुठेच दिसत नाहीत.

दुसरी चूक वेगाच्या हव्यासाची. २०० ग्रॅम वजनाची, १५ सेंमी व्यासाची भरीव चकती १०,००० आरपीएमने (मिनिटाला १०,००० फेरे) फिरवली तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे २८० किमी होतो आणि तिच्यात साधारण ३०० जूल ऊर्जा साठते. एक किलोचं वजन ३० मीटरवरून पडावं, तेवढी. कागदावर हे फार छान दिसतं. पण या वेगाला एक फेरा ६ मिलिसेकंदांत होतो. दोन दात असतील तर दर ३ मिलिसेकंदांनी एक दात समोर येतो. तुमचा रोबो सेकंदाला २ मीटरने पुढे जात असेल, तर त्या वेळात समोरचा जास्तीत जास्त ६ मिमी आत शिरतो. एवढ्याशा घासात दात पकडत नाही, नुसता घासून ठिणग्या उडवतो. एकच दात ठेवला आणि विरुद्ध बाजूला तोलाचं वजन दिलं तर घास १२ मिमीचा होतो. किंवा वेग ६,००० वर आणा: दोन दातांनाही १० मिमी मिळतात, मात्र ऊर्जा ३६ टक्क्यांवर येते. यातला सुवर्णमध्य कागदावरच शोधा, पातं कापून आणल्यावर नाही.

उभं फिरणारं पातं असेल तर आणखी एक हिशेब हवा. फिरतं पातं जायरोस्कोपसारखं वागतं आणि रोबो वळवला की एक चाक उचलतं. वरचीच चकती १.३६ किलोच्या रोबोवर लावली आणि चाकांमधलं अंतर १५ सेंमी असेल, तर सेकंदाला साधारण ९५ अंशांपेक्षा जलद वळलं की एका बाजूचं चाक जमीन सोडतं. म्हणजे अर्धं वळण घ्यायला दोन सेकंद. तेवढ्यात समोरचा मागून येऊन ठोकून जातो. उपाय तीन: चाकं लांब लांब ठेवा, पात्याचा व्यास कमी करा, किंवा वळताना वेपनचा वेग उतरवायची सवय लावा. चिकट चाकांनी हे सुटत नाही, उलट वाढतं.

तोल हा शेवटचा मुद्दा, पण याच्याकडे डोळेझाक सर्वांत जास्त होते. त्याच चकतीच्या कडेला फक्त १ ग्रॅम जास्त असेल तर १०,००० आरपीएमला सुमारे ८० न्यूटनची ओढ तयार होते, म्हणजे आठ किलोचं वजन प्रत्येक फेऱ्याला बेअरिंग हिसडतं. गुळगुळीत शाफ्टवर पातं सैल अडकवा, हलकेच फिरवा, जी बाजू दर वेळी खाली येते ती घासा. कुठल्याही बाजूला थांबायला लागलं की पुरे.

फेलसेफ: स्टिक आधी सोडली की चाचणी वाया

रेडिओचा संपर्क तुटला की चाकं आणि वेपन दोन्ही थांबली पाहिजेत. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावर शेवटची आज्ञाच धरून बसतात. लोक चाचणी करतात ती अशी: गाडी चालवली, स्टिक सोडली, रिमोट बंद केला, रोबो हलला नाही, झालं. यात शेवटची आज्ञा "थांब" हीच होती, मग तो हलेल कसा?

खरी चाचणी अशी. वेपन फिरवणारा पट्टा काढा. रोबो ठोकळ्यावर ठेवा, चाकं अधांतरी. स्टिक पुढे दाबून धरा, वेपनचा थ्रॉटल अर्ध्यावर द्या आणि स्टिक न सोडता रिमोट बंद करा. एका सेकंदाच्या आसपास सगळं थांबायला हवं. मग रिमोट बंद असतानाच रोबो चालू करा. काहीही हलता कामा नये. बऱ्याच रेडिओंत बाइंड करताना (रिसीव्हर रिमोटशी जोडताना) थ्रॉटल जिथे असेल तीच फेलसेफची जागा ठरते, म्हणून बाइंड करताना थ्रॉटल तळाशी ठेवा. नवीन मॉडेल निवडलं, रिसीव्हर बदलला, पुन्हा बाइंड केलं, की ही चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

अँटेना अॅल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या पेटीत कोंडू नका. २.४ गिगाहर्ट्झसाठी टोकाचा ३१ मिमीचा उघडा भागच काम करतो. तो कापू नका, गुंडाळू नका, मोटरच्या वायरींना समांतर चिकटवू नका.

बॅटरी, वायर, प्लग

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवरचा "सी" आकडा, म्हणजे ती क्षमतेच्या किती पट करंट देते तो, दुकानदाराचा समजा. ८५० एमएएच, ४५सी म्हणजे कागदावर ३८ अँपिअर; हिशेबात त्याच्या निम्मेच धरा. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, ठेवताना ३.८, आणि भाराखाली ३.३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. चार्जिंग १सी ने: ८५० एमएएचला ०.८५ अँपिअर. चार्ज होताना समोर माणूस हवा आणि जवळ पेट घेणारं काही नको. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी "एक मॅच काढेल" म्हणून वापरू नका.

बॅटरी तळाशी चिकटपट्टीने लावणं ही जुनीच चूक. तिला चारही बाजूंनी ३ ते ५ मिमी फोम द्या. वेपन आणि बॅटरी यांच्यामध्ये किमान एक भिंत हवी. तिच्याजवळ स्क्रूचं टोक येत असेल तर स्क्रू कापा. आपटल्यावर बॅटरी सरकते आणि ते टोक सेलमध्ये शिरतं.

डाग नीट लागला की नाही हे ओढून पाहा. वायर बहुधा डागात तुटत नाही, डागाच्या लगेच मागे तुटते, कारण तिथवर कथील चढून तारा ताठ झालेल्या असतात. म्हणून श्रिंक ट्यूब डागापासून १० मिमी पुढपर्यंत घ्या आणि वायर शेजारच्या भिंतीला झिप टायने बांधा. प्लगचे दोन्ही भागही एकमेकांना झिप टायने बांधा, कारण आपटल्यावर तेच आधी सुटतात.

अनेक ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) वापरत असाल तर प्रत्येकीची रिसीव्हरकडे जाणारी लाल वायर पाहा. ती बीईसीचा, म्हणजे ईएससीतल्या छोट्या वीजपुरवठ्याचा, ५ व्होल्ट देते. दोन-तीन बीईसी एकाच रिसीव्हरला जोडल्या की त्या एकमेकींशी भांडतात. एकच लाल ठेवा, बाकीच्या पिनमधून काढून टेपने गुंडाळा. रिमोटच्या विमानासाठी बनवलेल्या ईएससीत व्होल्टेज उतरलं की मोटर बंद करण्याची सोय असते. लढाईत ती नको, सेटिंगमधून बंद करा. वेपनच्या ईएससीचा ब्रेकही बंद ठेवा. जड पातं थांबवताना उलटी येणाऱ्या ऊर्जेने ईएससी जळते.

स्क्रू

ब्रशलेस मोटर बसवताना नवख्याच्या हातून सर्वाधिक मोटरी जळतात त्या लांब स्क्रूमुळे. स्क्रू बुडातून आत जाऊन तांब्याच्या वेटोळ्यांना टेकतो, इनॅमल खरवडतो, आणि पहिल्याच थ्रॉटलला ईएससीतून धूर येतो. प्लेटची जाडी अधिक ३ मिमी, याहून लांब स्क्रू घेऊ नका. बसवल्यावर मल्टिमीटर लावा: मोटरचं बूड आणि तिच्या तिन्ही वायरी यांच्यात बीप वाजता कामा नये.

थ्रेडलॉकर धातू-धातूसाठी. आटे आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर तेलावर ते धरतच नाही. पूर्ण ताकद यायला २४ तास जातात. आणि ते पॉलिकार्बोनेटला लागू देऊ नका. चार दिवसांत स्क्रूभोवती बारीक चिरा पडतात आणि दोष मात्र पत्र्याला जातो. प्लास्टिकसाठी नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले) नट आणि खाली रुंद वॉशर.

बॉडी

अॅक्रिलिक नको, ते फुटतं. थ्रीडी प्रिंट करायचं तर पीएलए ठिसूळ पडतं. रबरासारखं टीपीयू मार खाऊन परत जागेवर येतं, फक्त भिंती (कडेच्या रेषा) चार ते सहा द्या आणि आतला भराव वाढवत बसू नका. थर ज्या दिशेला रचले जातात त्याच दिशेला भाग उकलतो, म्हणून मार कुठून बसणार ते पाहून प्रिंट आडवा की उभा ते ठरवा. यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन हे सरळ, क्षमाशील साहित्य आहे: करवतीने कापता येतं आणि दणका बसला तरी तुकडे होत नाहीत.

गिअर मोटर बॉडीला घट्ट आवळली तर प्रत्येक धक्का थेट गिअरला लागतो. तिच्याभोवती १ ते २ मिमी फोम ठेवा. रोबो उलटा पडला तरी चाकं जमिनीला लागतात ना, तेही आत्ताच उलटा करून पाहा.

चाचणीचा क्रम

आधी फक्त चालवा. वेपन लावूच नका. किमान पाच बॅटऱ्या रिकाम्या होईपर्यंत चालवा, कारण लढती बव्हंशी चाकांवर जिंकल्या जातात. लढत ३ मिनिटांची असेल तर ३ मिनिटं सलग पळवा, ठोकळे ढकला आणि चार्जर किती एमएएच परत भरतो ते पाहा. ८५० च्या बॅटरीत ६८० पेक्षा जास्त भरत असेल तर बॅटरी लहान पडतेय. यात वेपन अजून धरलेलंच नाही, हे विसरू नका. मोटरवर बोट टेकवत नसेल तर थांबा. साध्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंश सेल्सियसच्या पुढे कायमची कमी होऊ लागते.

मग आपटा. पट्टा काढलेला, रोबो चालू. मोकळ्या जागेत, अर्ध्या मीटरवरून लाकडी फळीवर, सगळ्या बाजूंनी दहा वेळा. दर वेळी चालवून पाहा. दिवा लुकलुकला, क्षणभर जरी मेला, तर सैल जोड सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

वेपन सगळ्यात शेवटी. पॉलिकार्बोनेटची बंद पेटी, ४५४ ग्रॅमसाठी किमान ६ मिमी जाडीची, वरून झाकण. १.३६ किलोच्या रोबोचं वेपन पूर्ण वेगाने घरी फिरवू नका, स्पर्धेच्या चाचणी पेटीतच फिरवा. पात्याच्या फिरण्याच्या पातळीत कधीच उभं राहू नका, तुटलेला दात त्याच पातळीत सुटतो. क्रम असा: लॉक (पातं अडवणारी खिट्टी) लावलेलं, रिमोट चालू, रोबोची लिंक (बॅटरी जोडणारा काढता प्लग) जोडली, लॉक काढलं, हात बाहेर, झाकण बंद, मगच थ्रॉटल. परत येताना पातं पूर्ण थांबू द्या, लॉक घाला, लिंक काढा, रिमोट शेवटी. थ्रॉटल २० टक्क्यांनी सुरू करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर सगळे स्क्रू तपासा. वेग मोजायला परावर्तक पट्टी आणि लेझर टॅकोमीटर उत्तम. नसेल तर फोनवर आवाजाची वारंवारिता पाहा: दोन दात आणि ३३३ हर्ट्झ म्हणजे १०,००० आरपीएम.

बिघाड ओळखा

वेपन सुरू करताच रोबो क्षणभर मरतो आणि परत जागा होतो: व्होल्टेज कोसळून रिसीव्हर रीसेट होतोय. बॅटरी अशक्त आहे किंवा प्लग-वायर बारीक आहे. थ्रॉटल हळू चढवून पाहा. तेवढ्याने थांबलं तर निदान पक्कं.

वेपनची मोटर थरथरते, फिरत नाही: पट्टा काढा. आता फिरली तर पट्टा फार घट्ट आहे किंवा पातं कुठेतरी घासतंय. तरीही थरथरली तर तीनपैकी एका वायरीचा डाग सुटलाय.

वेपन उलट फिरतं: तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा.

रोबो एका बाजूला ओढतो: लगेच रिमोटवरून ट्रिम (दिशेची बारीक दुरुस्ती) लावू नका. डाव्या आणि उजव्या मोटरच्या वायरी ईएससीवर बदला आणि कुठलं चाक मंद चालतंय ते पाहा. तेच चाक मंद राहिलं तर दोष मोटरचा किंवा घासणाऱ्या चाकाचा. दुसरं चाक मंद झालं तर ईएससीचा किंवा चॅनेलचा.

पूर्ण वेगाला पट्टा सुटतो: दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी टेकवून पाहा. एका मिलिमीटरचा फरकही पुरतो. दणका बसल्यावर पट्टा थोडा घसरला तर मात्र हात लावू नका, तो मोटर वाचवतोय.