जुनं कागदी विमान: मूळ पत्रक कापू नका

अमेरिकेत १९४४ साली ‘व्हीटीज’ या न्याहारीच्या धान्यपदार्थाच्या खोक्यांची झाकणं पाठवली की रेडिओ मालिकेचा नायक जॅक आर्मस्ट्राँगच्या नावाची, कापून जोडायची कागदी लढाऊ विमानं छापील पत्रकावर घरी यायची. असं न कापलेलं पत्रक हाती लागलं, तर आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि कात्री प्रतीवरच चालवा. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. प्रत लहानमोठी झाली तर पंख बसवायची फट आणि पंख जुळत नाहीत. पिवळेपणा संगणकावर थोडाच कमी करा. पांढराफटक कागद या विमानांना शोभत नाही, असं माझं मत.

कागद साधारण १६० जीएसएमचा. त्याचा धागा, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, पंखाच्या लांबीच्या दिशेने हवा, नाहीतर पंख लवतात. धागा ओळखायचा कसा? कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने सहज गुंडाळला जातो, त्या गुंडाळीच्या लांबीला धागा समांतर असतो.

घडीवर आधी संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढा. फेव्हिकॉल काडीने, अगदी पातळ लावा. इंकजेटची शाई ओलीने पसरते. मूळ विमानाच्या नाकात वजनासाठी एक सेंटचं नाणं बसायचं, साधारण तीन ग्रॅमचं. त्याऐवजी तेवढ्याच वजनाची प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) चालते. मूळ पत्रक फाटलं असेल तर सेलोटेप मात्र नको, तिचे डाग निघत नाहीत.