बधिर बोटांना स्पर्श शिकवणारा घरगुती कंपनसंच

पक्षाघातानंतर बऱ्याच जणांचा हात हलू लागतो, पण खिशात हात घातल्यावर हाती लागलं ते नाणं की किल्ली, हे न बघता कळत नाही. हलवण्याचे व्यायाम सगळेच करून घेतात, स्पर्शाचा सराव मात्र मागे पडतो.

तो सराव घरीच करून घेणाऱ्या या कंपनसंचाला आर्डुइनो (प्रोग्राम करायचा छोटा सर्किट बोर्ड) वगैरे काही लागत नाही. मोबाइलमधल्या, चपट्या नाण्यासारख्या ३ व्होल्टच्या तीन व्हायब्रेशन मोटर (१० मिमी व्यासाच्या), तीन पुश बटणं, दोन पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर एवढं पुरे. होल्डरची लाल वायर तिन्ही मोटरना जोडा. प्रत्येक मोटरची दुसरी वायर आपापल्या बटणातून काळ्या वायरकडे न्या. मोटरच्या वायरी केसासारख्या बारीक असतात आणि मुळाशीच तुटतात, म्हणून तिथे ग्लू गनचा थेंब टाका. मोटर बसवायला हातमोजे वापरू नका, कापडातून कंपन शेजारच्या बोटात उतरतं. अंगठा, मधलं बोट आणि करंगळीच्या पेरांवर वेल्क्रोच्या वेगवेगळ्या पट्ट्या बांधा. बधिर बोटाला पट्टी घट्ट झाल्याचं कळत नाही, तेव्हा पाच मिनिटांनी नखांचा रंग तुम्हीच बघा.

आता सराव. हात टॉवेलवर, डोळे बंद, पंखा मोठा किंवा कानात गाणी. नाहीतर बटणाच्या आवाजावरूनच उत्तर येतं. कुठलं बटण दाबायचं ते चिठ्ठी काढून ठरवा आणि चिठ्ठी परत टाका. मनाने ठरवलं तर आपण तेच बोट लागोपाठ घ्यायचं टाळतो आणि पेशंट ते ताडतो. एक सेकंद दाबा, कुठल्या बोटात कंपन आलं ते विचारा. चुकलं तर डोळे उघडून तेच कंपन बघू द्या, मग मोटर चांगल्या हाताच्या त्याच बोटाला लावून जाणवू द्या, आणि पुन्हा डोळे मिटून बधिर बोटावर.

ही दुरुस्ती हाच खरा उपचार आहे. नुसती मोटर लावून टीव्ही बघण्यात अर्थ नाही. १९९२ साली कॅलिफोर्नियात माकडांवर झालेल्या प्रयोगांत, कंपनाकडे लक्ष देऊन फरक ओळखणाऱ्यांच्याच मेंदूत त्या बोटाचा भाग ठळकपणे विस्तारला. तेवढंच कंपन मिळूनही ज्यांचं लक्ष आवाजाकडे होतं, त्यांच्यात फारसा बदल दिसला नाही.

रोज १५-२० मिनिटं, त्यात २० प्रश्न. तीन बोटांत निव्वळ अंदाजानेही सहा-सात बरोबर येतात, म्हणून आठ आले म्हणून हुरळू नका. सलग तीन दिवस १७ च्या वर गेले की मोटर शेजारशेजारच्या बोटांवर आणा. तेही जमलं की संच बाजूला ठेवून तांदळाच्या डब्यातून किल्ली, बटण, नाणं न बघता शोधायला द्या.

फिट येत असतील, पेसमेकर असेल किंवा हातावर जखम वा सूज असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कंपनाने मूठ आवळू लागली तर लगेच थांबवा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा.