पुढच्या लेऑफआधी (नोकरकपातीआधी) काय उरकून ठेवायचं

फेसबुकवाल्या मेटाने नोव्हेंबर 2022 ला 11,000 लोक काढले, मार्च 2023 ला अजून 10,000 काढणार म्हणून सांगितलं, त्यामुळे पहिल्या यादीतून वाचलात म्हणून पेढे वाटू नका बे. लॅपटॉप लॉक व्हायच्या आत सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, ऑफर लेटर स्वतःच्या मेलवर घ्या, कंपनीचा कोड मात्र अजिबात नको. पाच वर्षं भरत आली असतील तर एचआर गोड बोलून राजीनामा मागेल, लगेच सही ठोकू नका, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, जाते (ग्रॅच्युइटीसाठी धरतात तो शेवटचा महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं, करा हिशोब). आणि घरी लपवू नका ओ, सोलापुरात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडताना बघितलेली माणसं आहेत, त्यांना सगळं कळतं. कंपनीचा ‘वुई आर फॅमिली’वाला टीशर्ट गाडी पुसायला घ्या, कापड चांगलंय.