छायाप्रकाश शिकायचा तर अंड्यापासून

शेडिंगच्या सरावाला अंड्यासारखी दुसरी वस्तू नाही. रंग पांढरा, चकाकी जवळजवळ नाही आणि कुठे कोपरा नाही, त्यामुळे उजेड हळूहळू सावलीत कसा उतरतो ते स्वच्छ दिसतं. पांढऱ्या कागदावर अंडं ठेवा, डावीकडून थोड्या उंचीवर एकच टेबल लॅम्प लावा आणि बाकीचे दिवे बंद करा. दोन दिवे असले की दोन पडछाया पडतात आणि नेमकं काय काढायचं तेच कळेनासं होतं.

एचबी, २बी आणि ४बी पेन्सिल (एचबी सगळ्यात फिकी, ४बी सगळ्यात गडद), मळता येणारं खोडरबर आणि किंचित खरखरीत कागद एवढं पुरतं. अगदी गुळगुळीत कागद शिसं धरत नाही, गडद छटा येतच नाहीत.

आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांचा सराव म्हणून २ सेंमीचे ५ चौकोन एका ओळीत आखा. पहिला कोरा ठेवा, पाचवा ४बीने जमेल तितका काळा करा, मग तिसरा या दोन्हींच्या मधल्या छटेने भरा आणि शेवटी दुसरा व चौथा. क्रमाने भरत गेलात तर सगळ्यात काळी छटा चौथ्यापर्यंतच वापरून होते. जोर देऊन दाबू नका. शिसं चमकायला लागतं आणि त्यावर पुढचं पूट बसत नाही. हलक्या हाताने तीन-चार पुटं द्या.

आता डोळे किलकिले करून अंड्याकडे बघा. सगळ्यात गडद भाग उजव्या कडेला असेल असं वाटतं, पण तो कडेच्या थोडा आत, पट्ट्यासारखा दिसतो. कडेजवळ छटा पुन्हा जराशी उजळते, कारण खालच्या कागदावर पडलेला उजेड उलटून तिथे पोचतो. चित्रात गोलाई येते ती या पट्ट्यामुळे. मात्र तो उलटलेला उजेड कितीही ठळक वाटला तरी उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच ठेवा. इथे खोडरबर जास्त फिरलं की अंडं काचेचं वाटू लागतं.

एचबीने पुसट बाह्यरेषा काढा. उजेड संपून सावली सुरू होते ती हद्दही आखा. अंड्यावरची सावली आणि पडछाया दोन्ही २बीने एकाच सपाट छटेत भरा. मग हद्दीपासून उजेडाकडे रेघा विरळ करत न्या. रेघा अंड्याच्या गोलाईने वळू द्या. गडद पट्ट्याला ४बी वापरा. बोटाने घासू नका, त्वचेच्या तेलाचे डाग पडतात आणि ते नीट निघत नाहीत. हाताखाली एक कोरा कागद असू द्या. उजेडाच्या बाजूची बाह्यरेषा शेवटी खोडरबराने टिपून घ्या.

पडछायेची कड अंड्याजवळ धारदार आणि दूर जाताना मऊ होत जाते. अंडं कागदाला टेकतं तिथे केसाएवढी काळी फट दिसेल. ती टोकदार ४बीने भरा, नाहीतर अंडं हवेत तरंगल्यासारखं दिसतं.