इन्सुलिनचा डोस वाढवताना सिरिंजच्या या चुका टाळा

डायबेटिस क्लिनिकमध्ये पेशंटना इन्सुलिन घ्यायला शिकवणं हे माझं रोजचं काम. डॉक्टर "दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवा" म्हणाले की घरी गोंधळ होतो तो बहुतेक वेळा सिरिंजवरच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बाटली एक आणि सिरिंज भलतीच. आपल्याकडे बाटली बहुतेक करून ४० ची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची असते १०० च्या इन्सुलिनसाठी. ४० चं औषध नारिंगीत २० पर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट, आणि १०० चं औषध लालमध्ये २० पर्यंत ओढलं तर थेट ५०, त्यात जीवसुद्धा जाऊ शकतो.

आमच्याकडचे एक काका, रात्रीचं इन्सुलिन १० वरून दोन-दोन वाढवत ३० वर गेले तरी उपाशीपोटीची साखर काही खाली येईना, घरचे म्हणाले औषधच बोगस आहे. बाटली ४० ची, केमिस्टने दिलेल्या सिरिंज नारिंगी, म्हणजे ३० समजून १२ च जात होते. मग मुलाने दुसऱ्या दुकानातून सिरिंज आणल्या त्या लाल निघाल्या, काकांनी नेहमीसारखं ३० पर्यंत ओढलं आणि अडीचपट डोस गेला. पहाटे घामाने बनियन भिजलेला, बोलणं असंबद्ध, साखर ४८. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी पाजून सावरले.

म्हणून चूक सापडली तरी सिरिंज परस्पर बदलू नका. आधी डॉक्टरांना फोन करा, कुठल्या सिरिंजवर कितीच्या रेषेपर्यंत ओढत होतात ते सांगा, नवा आकडा तेच ठरवतील. "अडीचने गुणा, चालतंय" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, झोपेतल्या माणसाने पहाटे गुणाकार करायचे का? मी पेशंटला इन्सुलिनचं रिकामं खोकं आणि सिरिंज दोन्ही घेऊनच दुकानात जायला सांगते.

१ मिलीच्या नारिंगी सिरिंजवर एक बारीक रेघ २ युनिटची असते, लालवर १ ची. रेघा मोजू नका, आकडा वाचा. आकडा वाचताना सिरिंजच्या दट्ट्याच्या रबराची सुईकडची कड बघायची, मागची नाही.

बुडबुडा राहिला तर तेवढा डोस कमी जातो, टिचकी मारून काढा.

एक दिवस साखर जास्त दिसली म्हणून लगेच ४-६ युनिट चढवणारे उतावळे खूप भेटतात. आदल्या रात्री लग्नात जेवलात ना, मग? ठरलेल्या दिवसाआधी वाढवायचं नाही, आणि मधे साखर ७० च्या खाली गेली तर वाढ थांबवून आधी डॉक्टरांना विचारायचं.

तारीख, युनिट, सकाळची साखर कॅलेंडरवरच लिहा. "युनिट" पूर्ण लिहा, इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून (आतल्या औषधाच्या नळीतून) सिरिंजने औषध ओढू नका, पेन बिघडलं असलं तरी.